मूलाधार ते आज्ञा : षट्चक्रांचा अर्थ आणि अधिकार

ज्या घरात नित्य गणपत्यथर्वशीर्षाचे पठण होते, त्या घरातील सात-आठ वर्षांच्या बालकासही ‘मूलाधार’ हा शब्द मुखोद्गत असतो. गजानन मूलाधारात नित्य वास करतो असे त्यात म्हटले आहे. परंतु मूलाधार म्हणजे काय, तो कोठे आहे आणि तेथे गणपतीच का, असे त्या बालकाने विचारले, की घरातील वडीलधारी मंडळी बहुधा एकमेकांकडे पाहतात. इकडे बाजारात सात रंगांच्या चक्रांची चित्रे विकावयास आहेत आणि भ्रमणध्वनीवर, इतक्या दिवसांत चक्रे उघडून देऊ, अशा जाहिराती येत असतात. शब्द घरचा, पण त्याचा अर्थ मात्र बाहेरून यावा, ही स्थिती आपणांस शोभणारी नाही. म्हणून प्रस्तुत पाठासाठी आम्ही षट्चक्रांचा विषय घेतला आहे.

हा विषय केवळ जिज्ञासेचाही नव्हे. काही महिन्यांपूर्वी एका सभासद भगिनींनी आमच्या तीर्थरूपांस मंदिरात गाठून आपली काळजी सांगितली. त्यांचा महाविद्यालयात जाणारा मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत श्वास कोंडून बसतो. त्याने एक वेळचे जेवण सोडले आहे आणि कोणी बोलावयास गेले तर ‘माझे चक्र उघडत आहे’ असे उत्तर देतो. ‘अडवावे तर साधनेत विघ्न आणल्याचे पाप, न अडवावे तर पोर डोळ्यांदेखत वाळत चालले, आम्ही करावे तरी काय?’ असा त्यांचा प्रश्न होता. त्यांची अनुमती घेऊन, नाव न देता, तो येथे नमूद करीत आहोत. कारण तो एका घरापुरता नाही. आम्ही पंडित नव्हे. शालेय शिक्षण संपवून तीर्थरूपांच्या हाताखाली पूजाविधी शिकत आहोत, इतकाच आमचा अधिकार. तथापि ग्रंथांत जे स्पष्ट आहे ते सभासदांपुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

चक्र म्हणजे काय

चक्र म्हणजे चाक. ह्याच स्थानास शास्त्रकार ‘पद्म’ म्हणजे कमळ असेही म्हणतात. योगशास्त्राची मांडणी अशी की, ह्या स्थूल देहाच्या आत प्राणाचा एक सूक्ष्म देह आहे. त्यात प्राण ज्या वाटांनी वाहतो त्या नाड्या होत. त्यांची संख्या अनेक ग्रंथांत ७२,००० सांगितली असून त्यांत तीन प्रमुख आहेत : डावीकडील इडा, उजवीकडील पिंगळा आणि मेरुदंडाच्या मध्यातून वर जाणारी सुषुम्ना. सुषुम्नेच्या वाटेवर एकावर एक अशी ही कमळे आहेत. तळाशी साडेतीन वेटोळी घालून कुंडलिनी नावाची शक्ती निजलेली असते. ती जागी होऊन एकेक कमळ भेदीत मस्तकातील सहस्रदलापर्यंत जाते व तेथे शिवाशी एकरूप होते.

सहा चक्रांचा जो तपशील आज सर्वत्र सांगितला जातो तो मुख्यतः बंगालमधील पूर्णानंद ह्यांच्या ‘षट्चक्रनिरूपण’ ह्या ग्रंथातील होय. हा ग्रंथ शके १४९९ मध्ये, म्हणजे इ. स. १५७७ मध्ये रचला गेला. त्यास अनुसरून सहा स्थाने येणेप्रमाणे :

(१) मूलाधार : कण्याच्या तळाशी. पाकळ्या ४. तत्त्व पृथ्वी, आकृती चौकोन, बीज लं, वाहन हत्ती.

(२) स्वाधिष्ठान : जननेंद्रियाच्या मुळाशी. पाकळ्या ६. तत्त्व जल, आकृती चंद्रकोर, बीज वं, वाहन मकर.

(३) मणिपूर : नाभीशी. पाकळ्या १०. तत्त्व अग्नी, आकृती त्रिकोण, बीज रं, वाहन मेंढा.

(४) अनाहत : हृदयाशी. पाकळ्या १२. तत्त्व वायू, आकृती षट्कोन, बीज यं, वाहन हरिण.

(५) विशुद्ध : कंठाशी. पाकळ्या १६. तत्त्व आकाश, आकृती वर्तुळ, बीज हं, वाहन पांढरा हत्ती.

(६) आज्ञा : दोन भुवयांच्या मध्ये. पाकळ्या २. येथे पंचमहाभूते संपतात व मनाचे स्थान येते, बीज ॐ.

मस्तकातील सहस्रदल कमळ ह्या सहांच्या पलीकडचे आहे. म्हणून ग्रंथाच्या नावात सहाच चक्रे आहेत, सात नाहीत.

नावेही अर्थपूर्ण आहेत. सर्वांचा मुळाशी असलेला आधार तो मूलाधार. शक्तीचे स्वतःचे अधिष्ठान ते स्वाधिष्ठान. रत्नांचे नगर ते मणिपूर. दोन वस्तू एकमेकींवर आपटल्यावाचून जो नाद उमटतो तो अनाहत. त्याचे स्थान हृदय. जेथे जीव शुद्ध होतो ते विशुद्ध. जेथे गुरूची आज्ञा पोहोचते ते आज्ञा.

शिडीचा क्रम

आता ह्या यादीतील खरे मर्म पाहू. ती पाठ करण्यासाठी नाही, चढण्यासाठी आहे. आपल्या शास्त्रांत पंचमहाभूतांचे गुण असे सांगितले आहेत : आकाशाचा एकच गुण, शब्द. वायूचे दोन, शब्द व स्पर्श. अग्नीचे तीन, त्यांत रूपाची भर. जलाचे चार, त्यांत रसाची भर. पृथ्वीचे पाच, त्यांत गंधाची भर. म्हणजे वरून खाली येताना जग अधिकाधिक जड व भरगच्च होत जाते. हा सृष्टीचा क्रम. साधक ह्याच्या उलट जातो. मूलाधार सोडताना तो गंध मागे ठेवतो, स्वाधिष्ठान सोडताना रस, मणिपूर सोडताना रूप, अनाहत सोडताना स्पर्श आणि विशुद्ध सोडताना शब्द. आज्ञेशी पोहोचतो तेव्हा पाचही इंद्रियांचे विषय खाली राहिलेले असतात आणि केवळ मन उरते. हा लयाचा क्रम होय.

हे ध्यानी घेतले असता ‘चक्र उघडणे’ ह्या शब्दांचा अर्थ पालटतो. चक्र उघडणे म्हणजे काही नवीन मिळविणे नव्हे. एकेका विषयाची पकड सुटणे, हा त्याचा अर्थ आहे. ज्याची जिभेवरील सत्ता वाढली नाही, परंतु जो जेवण सोडल्याचा अभिमान बाळगतो, त्याचे कोणते कमळ उमलले असे म्हणावे?

पाकळ्यांच्या संख्येतही असाच अर्थ आहे. ४, ६, १०, १२, १६ आणि २ ह्यांची बेरीज ५० होते. संस्कृत वर्णमालेतील मातृका म्हणजे वर्णही ५० मानलेले आहेत आणि प्रत्येक पाकळीवर एक वर्ण लिहिलेला आहे. कंठातील १६ पाकळ्यांवर १६ स्वर. हृदयातील १२ पाकळ्यांवर ‘क’ पासून ‘ठ’ पर्यंत. नाभीतील १० पाकळ्यांवर ‘ड’ पासून ‘फ’ पर्यंत. स्वाधिष्ठानाच्या ६ पाकळ्यांवर ‘ब’ पासून ‘ल’ पर्यंत. मूलाधाराच्या ४ पाकळ्यांवर व, श, ष, स. आज्ञेच्या दोन पाकळ्यांवर ह आणि क्ष. जेवढी वाणी आहे तेवढी सर्व ह्या देहात आहे, देह हेच अक्षरांचे मंदिर आहे, असा ह्या योजनेचा भाव. मुलांस पाटीवर बाराखडी गिरवावयास बसविताना हे सांगितले तर त्या बाराखडीसही पावित्र्य येईल.

संख्या एक नाही, रंगही एक नाहीत

पुष्कळांची अशी समजूत असते की, चक्रे सातच असून वेदकालापासून त्यांचा तपशील ठरलेला आहे. ग्रंथ पाहिले असता तसे दिसत नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत षट्चक्रांची यादी नाही. तिसऱ्या पादात नाभिचक्राचा उल्लेख येतो आणि तेथे संयम केल्याने शरीररचनेचे ज्ञान होते इतके म्हटले आहे. कुब्जिकामततंत्रात सहा चक्रे आहेत. बौद्धांच्या हेवज्रतंत्रात चार आहेत. गोरक्षनाथांच्या नावावर असलेल्या ‘सिद्धसिद्धान्तपद्धती’त नऊ आहेत. सौंदर्यलहरीत सहा चक्रांचा क्रम देवीच्या स्तुतीत गुंफलेला आहे.

रंगांची गोष्टही तशीच. आज मिळणाऱ्या चित्रांत खालून वर इंद्रधनुष्याचे सात रंग क्रमाने दिलेले असतात व हृदयातील कमळ हिरवे असते. पूर्णानंदांच्या ग्रंथात हृदयकमळ बंधूक पुष्पासारखे तांबडे आहे, नाभीतील कमळ मेघासारखे श्यामल आहे आणि आज्ञाचक्र चंद्रासारखे शुभ्र आहे. इंद्रधनुष्याचा क्रम जुन्या ग्रंथांतील नव्हे. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर जॉन वुड्रॉफ ह्यांनी आर्थर अ‍ॅव्हलॉन ह्या नावाने १९१९ मध्ये पूर्णानंदांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यानंतर १९२७ मध्ये थिऑसॉफिकल पंथाचे लेडबीटर ह्यांनी स्वतःस दिसलेल्या चक्रांचे वर्णन करणारे पुस्तक लिहिले. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत सात रंग, ग्रंथी आणि मनोविकार ह्यांची सांगड घातली गेली आणि ती चित्रे फिरून आपल्याच बाजारात आली. परदेशी गेली म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. पण ती प्राचीन आहे असे सांगून विकणे हे खरे नव्हे.

मग चार खरी, सहा खरी, की नऊ खरी? आमच्या अल्पमतीस उत्तर असे दिसते की, ही रस्त्यावरील मुक्कामांची गणना आहे. पंढरीच्या वाटेवर एक दिंडी एके ठिकाणी उतरते, दुसरी दुसरीकडे. मुक्काम वेगळे म्हणून पंढरी वेगळी होत नाही. मात्र प्रत्येक दिंडीने आपापल्या चोपदाराचे ऐकावे हे बरे.

देहात कमळे सापडतात काय

ह्या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. गुजरातेत टंकारा येथे जन्मलेले स्वामी दयानंद सरस्वती तरुणपणी गुरूच्या शोधात फिरत होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास गढमुक्तेश्वरनजीक गंगेतून एक प्रेत वाहत येताना त्यांस दिसले. जवळच्या हठयोगाच्या पोथ्यांतील नाडीचक्रांचे वर्णन खरे की खोटे हे पाहावे म्हणून त्यांनी पाण्यात उतरून ते प्रेत काठावर आणले व सुरीने उघडून पाहिले. पोथीतील कमळे त्यांस दिसली नाहीत. तेव्हा त्यांनी पोथ्या फाडून प्रेतासह गंगेत सोडल्या. हा वृत्तांत त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितला आहे.

दयानंदांची सत्यनिष्ठा वंदनीय आहे. परंतु ज्या कमळाच्या पाकळीवर अक्षर लिहिलेले आहे, ज्याच्या मध्यभागी हत्ती उभा आहे आणि त्यावर देवता बसली आहे, ते सुरीने सापडावे अशी खुद्द ग्रंथकारांची तरी अपेक्षा होती काय? पूर्णानंद पदोपदी ‘ध्यान करावे’ असे सांगतात, ‘कापून पाहावे’ असे सांगत नाहीत. चक्र ही ध्यानाची जागा आहे, मांसाचा गोळा नव्हे.

उलट दिशेनेही प्रयत्न झाले. मुंबईचे डॉक्टर वसंत रेळे ह्यांनी १९२७ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहून कुंडलिनी म्हणजे मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी एक मज्जातंतू-शिरा होय असे प्रतिपादन केले. त्या पुस्तकास प्रस्तावना लिहिणाऱ्या वुड्रॉफ ह्यांसही हे समीकरण पटले नव्हते.

तिसरा मार्ग आपल्याच परिसरातून निघाला, हे सभासदांस अभिमानास्पद वाटेल. जगन्नाथ गणेश गुणे ह्यांचा जन्म १८८३ मध्ये डभोईचा. बडोद्यास जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव ह्यांच्यापाशी ते शरीरसाधना शिकले. पुढे नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी ह्यांच्या चरणी त्यांनी योग शिकला. हेच स्वामी कुवलयानंद होत. त्यांनी १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साह्याने उड्डियान व नौली ह्या क्रियांची परीक्षा केली. नौली करताना आतड्यात वायूचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो हे त्यांनी मोजून दाखविले आणि त्या निर्वात स्थितीस गुरूंचे नाव दिले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. त्यांची पद्धती लक्षात घेण्याजोगी आहे. जे मोजता येते, म्हणजे श्वास, स्नायू, दाब, ते त्यांनी मोजले. कमळांचे क्ष-किरण चित्र काढण्याच्या भरीस ते पडले नाहीत. विज्ञान व श्रद्धा ह्यांनी आपापली पायरी ओळखून राहावे, हा धडा त्यातून मिळतो.

आपल्या पूजेतील षट्चक्रे

चक्रे केवळ योग्यांच्या गुहेत आहेत असे कोणी समजू नये. ती आपल्या मंदिरात नित्य वावरत असतात. सविस्तर पूजेच्या वेळी, विशेषतः देवीच्या पूजेत, पुजारी प्रारंभी डोळे मिटून स्वस्थ बसतो आणि मग अंगावर ठिकठिकाणी बोटे लावतो. मागे बसलेल्या मंडळींस वाटते, पूजेस विलंब होत आहे. वस्तुतः त्या वेळी भूतशुद्धी व न्यास चाललेले असतात. भूतशुद्धीत पुजारी मनाने पृथ्वीतत्त्व जलात, जल अग्नीत, अग्नी वायूत व वायू आकाशात विलीन करतो. यं बीजाने आपल्यातील पापपुरुष सुकवितो, रं बीजाने जाळतो, वं बीजाच्या अमृताने सर्व देह भिजवितो आणि लं बीजाने तो पुन्हा दृढ करतो. त्यानंतरच्या अंतर्मातृकान्यासात तो वर सांगितलेले ५० वर्ण कंठ, हृदय, नाभी अशा क्रमाने सहा कमळांच्या पाकळ्यांवर मनाने ठेवतो. देवाची पूजा करणाऱ्याने प्रथम स्वतः देवास योग्य व्हावे, असा हा विधी आहे.

ज्यांस हा विधी येत नाही त्यांनीही खंत करू नये. स्तोत्रपाठापूर्वी अनेक घरांत जी मानसपूजा करतात, तीत लं बीजाने पृथ्वीरूप गंध, हं बीजाने आकाशरूप पुष्प, यं बीजाने वायुरूप धूप, रं बीजाने अग्निरूप दीप आणि वं बीजाने अमृतरूप नैवेद्य अर्पण होतो. ही पाच बीजे म्हणजे खालच्या पाच चक्रांचीच बीजे होत. गंध उगाळणारी गृहिणी आणि मूलाधाराचे ध्यान करणारा योगी एकाच तत्त्वाची सेवा करीत असतात.

आपल्या शेजारच्या जैन परंपरेतही हेच साधन निराळ्या मोजणीने आढळते. ह्याच अकोट्याच्या भूमीत १९५१ मध्ये प्राचीन जैन धातुमूर्तींचा मोठा साठा सापडला, डॉ. उमाकांत शाह ह्यांनी १९५९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला आणि त्यांतील मूर्ती बडोद्याच्या संग्रहालयात आहेत. त्याच पंथाचे बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्र हे गुजरातचेच. त्यांच्या योगशास्त्रात पृथ्वी, अग्नी, वायू व जल ह्यांच्या क्रमाने धारणा सांगितल्या आहेत. नाभीत १६ पाकळ्यांचे कमळ कल्पून त्यावर स्वर ठेवावेत, हृदयातील कमळावर व्यंजने ठेवावीत, असेही ध्यान तेथे आहे. भूमी एक, साधन एक; पाकळ्यांची गणती तेवढी भिन्न.

आता त्या बालकाच्या प्रश्नाकडे वळू. मूलाधारात गणपतीच का? मूलाधाराचे तत्त्व पृथ्वी, आणि भाद्रपदात आपण पूजितो तो गणपती पार्थिव, म्हणजे मातीचा. प्रत्येक कार्याच्या आरंभी गजानन, तसा साधनेच्या आरंभी मूलाधार. आणि विसर्जनाच्या दिवशी आपण काय करतो? माती पाण्यात सोडतो. पृथ्वीचा जलात लय, ही भूतशुद्धीची पहिली पायरी आहे. हा अर्थ आम्हास सुचलेला आहे, ग्रंथातील नव्हे. तथापि मूर्ती निरोप घेते तेव्हा रडणाऱ्या लहान मुलास तो सांगून पाहावा.

अधिकार कोणाचा

आता त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर. ते शोधण्यास आपणांस दूर जावयाचे कारण नाही. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे नाव नाही. तेथे आसन, देहाची स्थिरता, दृष्टी व मनोनिग्रह एवढेच आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानदेवांनी त्या श्लोकांवर लिहिताना नाथपंथाचे हे गुह्य मराठीत उघड केले. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती ह्या परंपरेने ते त्यांच्याकडे आले होते. कुंकवात न्हालेल्या नागिणीच्या पिलासारखी ती शक्ती कशी जागी होते, देहातील धातू कशी ग्रासते, हृदयात अनाहत नाद कसा उमटतो आणि शेवटी एक तत्त्व दुसऱ्यात कसे विरत जाते, हे सर्व तेथे आहे. भूतशुद्धीचा जो क्रम आम्ही वर दिला, तोच तेथेही आहे.

परंतु हे भव्य वर्णन संपताच ज्ञानदेव काय करतात, हे फार थोडे वाचक पाहतात. त्यांचा अर्जुन भांबावतो आणि विचारतो की, हे वाटेल त्यास साधते, की त्यास काही योग्यता लागते? श्रीकृष्णांचे उत्तर असे की, योग्यता ही काही खाणीतून काढावयाची वस्तू नाही. जो क्षणभर तरी विरक्त झाला आणि ज्याचे देहाचे व्यवहार नियमात आहेत, तोच अधिकारी. लगेच गीतेचे प्रसिद्ध वचन येते : जो अती खातो त्यास योग नाही, जो मुळीच खात नाही त्यासही नाही, जो अती झोपतो त्यास नाही, जो जागतच राहतो त्यासही नाही. कुंडलिनीच्या शिखरावरून ज्ञानदेव आपणांस थेट ताटापाशी आणि अंथरुणापाशी आणून उभे करतात.

हठयोगाचा प्रमाणग्रंथ ‘हठप्रदीपिका’ हाही तेच सांगतो. सिंह, हत्ती किंवा वाघ जसा हळूहळू माणसाळवावा तसा प्राण हळूहळू वश करावा, नाही तर तो साधकाचाच घात करतो. अयोग्य रीतीने केलेल्या प्राणायामाने उचकी, दमा, खोकला, तसेच डोके, कान व डोळे दुखणे हे विकार होतात, असा त्यात इशारा आहे. पोटाचा चौथा हिस्सा रिकामा ठेवून स्निग्ध व मधुर अन्न घ्यावे असे तो म्हणतो आणि उपवासादी देहास क्लेश देणारे आचार अभ्यासकाळी वर्ज्य सांगतो. म्हणजे जेवण सोडून, जागरण करून, श्वास कोंडणारा साधक गीतेच्या, ज्ञानेश्वरीच्या व हठयोगाच्या, तिन्हींच्या आज्ञेविरुद्ध वागत असतो. त्यास आवरणारी माता साधनेत विघ्न आणीत नाही. शास्त्राचीच आज्ञा पाळते.

बाराव्या अध्यायात तर ज्ञानदेव आणखी स्पष्ट होतात. बंध, प्राणनिरोध ह्यांच्या खडतर वाटेने अव्यक्ताकडे जाणारेही परमात्म्यासच पोहोचतात, पण त्यांच्या वाट्यास कष्ट अधिक. प्रेमाने भजणाऱ्या भक्ताचा भार मात्र देव स्वतः उचलतो, असा तेथील आशय आहे. योगाचे रहस्य ज्यांस पूर्ण ठाऊक होते, त्यांनीच वारीची वाट सर्वांस मोकळी केली, ह्यात मोठा अर्थ आहे.

आपल्या नगरातील आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोद्यात होते व येथेच त्यांनी प्राणायामाचा दीर्घ अभ्यास केला होता. पुढे जानेवारी १९०८ मध्ये ते पुन्हा येथे आले असता विष्णु भास्कर लेले ह्या महाराष्ट्रीय योग्याने त्यांस सरदार मजुमदारांच्या वाड्यातील एका खोलीत तीन दिवस बसविले. सांगितले इतकेच की, विचार बाहेरून येताना पाहावेत आणि आत येण्यापूर्वीच परतवावेत. त्या तीन दिवसांत त्यांचे मन निःशब्द झाले. तेथे चक्रांचे चित्र नव्हते, रंग नव्हते. जाणता मार्गदर्शक समोर होता. अरविंदांनी पुढे स्वतःच्या योगाविषयी लिहिताना हेच म्हटले आहे की, चक्रे बळाने खालून उघडावयाची नसतात. वरून येणाऱ्या शक्तीने ती आपोआप उमलतात.

कुटुंबांसाठी थोडक्यात

(१) चक्रांची माहिती मुलांस अवश्य द्यावी. ती अथर्वशीर्ष, मानसपूजा व वर्णमाला ह्यांच्या आधारे द्यावी, भीती अथवा चमत्कार ह्यांच्या आधारे नव्हे.

(२) चक्रांवर ध्यान करावयाचे तर हृदयस्थानी इष्टदेवतेचे ध्यान करावे. ते लहानथोर सर्वांस सुलभ आहे.

(३) श्वास कोंडण्याचे प्रकार पुस्तक अथवा चित्र पाहून करू नयेत. समोर बसून शिकविणारा जाणता गुरू असेल तरच करावेत.

(४) साधना करणाऱ्याची भूक, झोप व घरातील बोलणे गोड राहिले आहे काय, हे पाहावे. ती बिघडली असतील तर साधना थांबवावी आणि प्रथम वैद्यास दाखवावे.

(५) ठरावीक रक्कम घेऊन ठरावीक दिवसांत चक्र उघडून देणाऱ्यांपासून दूर राहावे.

त्या तरुणास तीर्थरूपांनी बोलावून घेतले. उपदेश केला नाही. पहाटे काकडआरतीपूर्वी गंध उगाळावयास येत जा, एवढे सांगितले, आणि ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचावयास दिला, तो मात्र शेवटच्या ओवीपर्यंत. पहाटे उठावयाचे म्हणून तो रात्री वेळेवर निजू लागला. आता तो चक्रांविषयी फारसे बोलत नाही. दोन वेळा जेवतो, असे त्याच्या मातोश्री सांगतात. त्याने उगाळलेले गंध मात्र दिवसेंदिवस बारीक होत चालले आहे.